कोकणकन्या, वॉकर आणि ७४ वर्षांची आई: ठाण्याहून चढवावं की सीएसएमटीहून?

वर्तकनगरकर

आईला दिवाळीनंतर ठाण्याहून कुडाळला न्यायचं आहे. वय ७४, दोन्ही गुडघे झिजलेले, ऑपरेशनला तयार नाही. घरात वॉकर घेऊन फिरते. बाहेर कुणाच्या तरी दंडाला धरून पन्नास-साठ पावलं चालते, मग बसावं लागतं. कठडा असेल तर जिन्याच्या दोन-तीन पायऱ्या चढते. गुडघा काटकोनात वाकत नाही, त्यामुळे भारतीय संडास बाद. रात्री दोन-तीनदा उठावं लागतं. वजन ७८ किलो, म्हणजे उचलून डब्यात ठेवू हा विचार सोडून दिलेला बरा. गाडी करून नेलं तर दहा-बारा तास पाय खाली सोडून बसावं लागेल, त्याला डॉक्टरांनी नको म्हटलंय. म्हणून रात्री झोपून जायची कोकणकन्या एक्सप्रेस.

घर ठाण्यात आहे, तर ठाण्याहूनच चढवावं की उलटं सीएसएमटीला जावं? थर्ड एसी घ्यावं की सेकंड? लोअर बर्थ हमखास मिळण्यासाठी काय करावं? दिव्यांगांच्या डब्यात बसता येईल का? (आईकडे तसलं प्रमाणपत्र नाही.) आणि कुडाळला गाडी दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात ही उतरणार कशी? सोबत मी (४९) आणि बायको (४६) आहोत.

---

लूपलाइन

सीएसएमटी. यात दुसरा विचार नको.

ठाण्याला कोकणकन्या मध्यरात्रीच्या आसपास येते आणि काही मिनिटंच थांबते. त्या मिनिटांत आपला डबा नेमका कुठे येतो ते बघायचं, आत चढणाऱ्यांच्या रेट्यात दार मिळवायचं, आईंना चढवायचं आणि मग सामान. ठाण्याचे ५-६ नंबरचे फलाट २०२४ च्या ६३ तासांच्या ब्लॉकमध्ये रुंद केले, पण फलाट रुंद झाल्याने गाडी जास्त वेळ थांबत नाही. शिवाय इंडिकेटरवरची डब्यांची जागा आणि प्रत्यक्ष गाडी यात एका डब्याचा फरक पडला तरी २४ मीटर होतात. तुमच्या आईंची पन्नास-साठ पावलं तिथेच संपली.

सीएसएमटीला गाडी सुटायच्या बरीच आधी फलाटाला लागते. आणि मुख्य म्हणजे ते शेवटचं स्टेशन आहे. रुळ तिथे संपतात, त्यामुळे रस्त्यापासून लांब पल्ल्याच्या फलाटापर्यंत एकही जिना लागत नाही. ठाण्याहून फ्रीवेने या. फ्रीवे उतरतो तोच पी. डि'मेलो रोडवर आणि १८ नंबर फलाटाकडचं प्रवेशद्वारही त्याच रस्त्याला आहे. जुन्या इमारतीच्या दर्शनी बाजूला टॅक्सी सोडाल तर आतून बरंच चालावं लागेल. ऑरेंज गेटपाशी बोगद्याच्या कामामुळे कोंडी होते, तेव्हा गाडीच्या वेळेआधी दीड तास पोहोचायचा हिशेब धरून निघा.

व्हीलचेअर स्टेशनवर मिळते, खुर्चीला पैसे नाहीत. उपस्टेशन अधीक्षकांच्या कार्यालयात मागायची, ओळखपत्र ठेवून घेतात. ढकलायला परवानाधारक सहायक, म्हणजे आपला हमाल घेतलात तर त्याचे पैसे वेगळे. दरफलक लावलेला असतो, तो वाचून आधी बोलून घ्या. रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर आदल्या दिवशी सांगून ठेवा, पण त्या भरवशावर राहू नका. तुमच्या दोघांपैकी एकाने आईंना टॅक्सीत बसवून ठेवायचं, दुसऱ्याने खुर्ची घेऊन यायचं. खुर्ची येईपर्यंत त्यांना फलाटावर उभं करू नका, चढायला लागणारी ताकद तिथेच खर्च होते. वीस-बावीस डब्यांची गाडी अर्धा किलोमीटर भरते, आणि तुमचा एसी डबा त्यात कुठेही असू शकतो.

तिकीट सीएसएमटीपासूनच काढा. ठाणे ते कुडाळ असं तिकीट असेल तर त्यावर सीएसएमटीला चढता येत नाही. सीएसएमटीचं तिकीट काढून बोर्डिंग (चढायचं स्टेशन) ठाणे केलंत, तरी मूळ ठिकाणाहून चढायचा हक्क जातो. आणि बोर्डिंग सीएसएमटी ठेवून ऐनवेळी ठाण्याला चढायचा बेत असेल तर टीसी 'प्रवासी आला नाही' अशी नोंद करून बर्थ पुढच्याला देतो. त्याच्या हातातल्या मशीनवर ते दोन बोटांचं काम आहे.

---

तत्काळ_नको

तिकिटाबद्दल.

आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. रेल्वेच्या तिकीट साइटवरचं खातं आधारशी आधीच जोडून ठेवा, नाहीतर खिडकी उघडते त्या वेळेला हात चोळत बसाल. कोकणच्या गाड्यांत पहिल्या अर्ध्या तासाला किंमत आहे.

लोअर बर्थसाठी 'लोअर बर्थ / ज्येष्ठ नागरिक' असा वेगळा कोटा आहे. बहुतेकांना वाटतं की तो फक्त साठीच्या पुढच्यांसाठी आहे. पुरुषांसाठी तसंच आहे, पण बायकांना तो ४५ पासून चालतो. अट एवढीच की तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी हवेत आणि दोघंही पात्र हवेत. म्हणजे तुमची आई आणि तुमची बायको या दोघींचं तिकीट या कोट्यात निघतं. तुम्ही त्यात नाव घातलंत की कोटा गेला. तुमचं तिकीट जनरल कोट्यात वेगळं काढा. डबा वेगळा पडला तरी हरकत नाही, चढवताना आणि उतरवताना हजर राहिलात म्हणजे झालं.

तिघांचं एकत्र तिकीट काढायचंच असेल तर 'किमान एक लोअर बर्थ मिळाला तरच बुक करा' या चौकटीवर खूण करा. मागितलेला पर्याय न मिळाल्यास तिकीट निघतच नाही. या कोट्यातले बर्थ थोडेच असतात, थर्ड एसीच्या एका डब्यात चार-पाच आणि सेकंड एसीत तीन-चार. सवलत मात्र विसरा. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत २० मार्च २०२० पासून बंद आहे. लोअर मिळतो, पैसे पूर्ण.

आरएसी आलं तर त्या तारखेला जाऊ नका. आरएसी म्हणजे साइड लोअरवर दोघांनी बसून जायचं. तुमच्या आईंसाठी ती रात्रभराची शिक्षा आहे.

---

सांधेजोड

मी फिजिओथेरपीच्या बाजूने बोलतो. क्लास निवडताना लोक एसी, बेडरोल, गर्दी बघतात. या केसमध्ये बघायची गोष्ट एकच: झोपलेल्या माणसाला बर्थवर उठून ताठ बसता येतं का?

थर्ड एसीत मिडल बर्थ उघडला की खालच्याला ताठ बसता येत नाही. मान वाकवून, कुशीवर वळून, कोपरावर भार देत पाय बाहेर काढावे लागतात आणि मग वाकलेल्या स्थितीतूनच उभं राहायचं. धड गुडघ्याच्या माणसालाही हे अर्ध्या झोपेत जमत नाही. झिजलेल्या गुडघ्याला उभं राहताना धड पुढे झुकवावं लागतं, आणि नेमकं पुढे झुकलं की डोकं मिडल बर्थच्या कडेला लागतं. कोकणकन्या सुटतेच रात्री ११ नंतर, म्हणजे दहा ते सहा झोपायची वेळ सुरू झालेली असते. चढल्या चढल्या मिडल उघडला जाणार आणि त्यांना नाही म्हणता येणार नाही. सेकंड एसीत मिडल नाही. भाड्यातला फरक गुडघ्यावरच्या उपचारात धरा.

सेकंड एसी नाहीच मिळालं तर थर्ड एसीत साइड लोअर. वर एकच बर्थ असल्याने डोक्याला मोकळी जागा राहते, पाय थेट मधल्या वाटेत खाली येतात आणि उठताना हाताला साइड अपरच्या शिडीचा आधार मिळतो. तोटे दोन. दोन सीटा पाडून बर्थ होतो, त्यामुळे मध्ये सांध्याची रेघ पाठीला टोचते. घरची एक गोधडी दुहेरी घालून खाली टाका. दुसरं म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याच्या बॅगा पायाला लागतात.

आता चढणं. उंच फलाट रुळापासून ७६ ते ८४ सेंटिमीटर असतो, डब्याची फरशी साधारण १३०. म्हणजे चढ पन्नासेक सेंटिमीटरचा. घरच्या जिन्याची पायरी १५ ते १८ असते, आईंना सवय तेवढ्याची आहे. दाराखालची लोखंडी पायरी हा चढ दोन भागांत तोडते, पण ती अरुंद असते, पाऊल अर्धंच बसतं. गुडघा पुरता वाकत नसला की टाच मागे लोंबते आणि माणूस मागे जातो.

यावर उपाय म्हणजे ठोकळ्यासारखा भक्कम स्टूल. उंची २० ते २३ सेंटिमीटर, वरची फळी किमान ३० बाय ४०, खाली रबर, १२० किलोचा भार घेईल असा. घडीचा प्लॅस्टिकचा स्टूल आणू नका, त्याची बिजागरी वजन एका बाजूला आलं की मिटते. स्टूल पूर्ण फलाटावर, दाराच्या मध्यावर, फलाटाच्या कडेबाहेर बोटभरही न काढता ठेवायचा आणि एकाने त्यावर आपला पाय दाबून धरायचा. मग त्यांना एक चढ बावीसचा आणि दुसरा अठ्ठावीसचा पडतो. अठ्ठावीससुद्धा जास्त आहे, म्हणून दोन्ही बाजूंच्या दांड्या त्यांनी स्वतःच्या हातांनी धरायच्या. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. दोन्ही दुखत असतील तर त्यातल्या त्यात बरा कोणता ते घरीच ठरवा. निघायच्या आधी दोन आठवडे खिडकीचे गज धरून दहा-अकरा इंचांच्या पक्क्या पाटावर रोज पाच वेळा चढ-उतार करवून घ्या. तिथे जमत नसेल तर स्टेशनवरही जमणार नाही, मग बेतच बदला.

त्यांना हाताला धरून वर ओढू नका आणि काखेतून उचलू नका. ७८ किलो खांद्याच्या सांध्यावर आले तर गुडघ्याबरोबर खांदाही जाईल. कमरेला रुंद सुती पट्टा बांधा. आधारपट्टा म्हणून सर्जिकलच्या दुकानात मिळतो, दोन-तीन इंच रुंद, बकलवाला. एकाने फलाटावरून मागच्या बाजूने पट्टा धरून वर रेटायचं, दुसऱ्याने आत उभं राहून फक्त तोल सांभाळायचा. सामान आणि वॉकर आधी आत गेलेले हवेत. आईंच्या मागून सामान चढवायचं म्हटलं की मागे उभ्या माणसाचे हात अडकतात.

---

लूपलाइन

वरच्या प्रतिसादात एक भर. बर्थ शक्यतो डब्याच्या टोकाकडून दुसऱ्या कप्प्यात पडला तर उत्तम. अगदी पहिल्या कप्प्यात संडासाचा वास, दाराची आदळआपट आणि रात्रभर दिवा. मधल्या कप्प्यातून संडास गाठायला अर्धा डबा ओलांडावा लागतो. सेकंड एसीत ७ आणि ९ हे दुसऱ्या कप्प्यातले लोअर, ११ साइड लोअर. ७२ बर्थच्या थर्ड एसीत ९, १२, १५ आणि दुसऱ्या टोकाला ५७, ६०, ६३. नंबर मागून मिळत नाही, पण डब्यात बदलाबदली करताना काय मागायचं ते माहीत असावं. रिकामा लोअर ज्येष्ठांना द्यायचा अधिकार टीसीला आहे, तेव्हा त्याला चढल्यावर लगेच गाठा. पनवेल सुटलं की तो पुढच्या कामाला लागतो.

---

वर्तकनगरकर

सगळ्यांचे आभार. दोन शंका. घरची व्हीलचेअर न्यावी का? आणि फर्स्ट एसीचा विचार करावा का, पैशाचा प्रश्न बाजूला ठेवला तर?

---

तत्काळ_नको

फर्स्ट एसीत दोन बर्थचे कूपे आणि चार बर्थच्या केबिन असतात. कूपे मिळाला तर दार लावून दोघी निवांत. पण बर्थचा नंबर चार्ट लागतानाच ठरतो, तोवर तिकिटावर नंबर येत नाही. तिथे अपर आला तर चढणं अशक्य, आणि खालचा प्रवासीही ज्येष्ठच निघायची शक्यता मोठी. मी सेकंड एसीचा पक्का लोअर फर्स्टच्या न ठरलेल्या बर्थपेक्षा वर ठेवीन. फर्स्टचा खरा फायदा संडासाचा आहे. माणसं मोजकी, रांग नाही आणि त्यातल्या त्यात कोरडं.

---

सांधेजोड

मोठ्या चाकांची घरची खुर्ची नेऊ नका. बाहेरून बाहेर ती पंचवीस-सव्वीस इंच रुंद असते आणि एसी डब्यातली मधली वाट तेवढी नाही, म्हणजे डब्यात तिच्यावर बसून जाता येत नाही. मिटवली तरी २४ इंची चाकं बर्थखाली शिरत नाहीत, दारापाशी ठेवावी लागते आणि तिथे ती सगळ्यांच्या पायात येते. लहान चाकांची, फक्त ढकलायची खुर्ची असेल तर पायठेवण्या काढून बर्थखाली आडवी बसते. आधी टेपने मोजा.

वॉकर न्या, पण गाडी चालू असताना वापरू नका. झटका बसला की वॉकर पुढे सरकतो आणि त्याला धरलेला माणूसही. फलाटावर आणि गावात उपयोग. डब्यात मिटवून बर्थखाली, साखळीला बांधून ठेवा.

रात्रीच्या उठण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण पडण्याच्या घटना चढण्यात कमी आणि इथेच जास्त होतात. झोपेतून उठल्यावर पाय खाली सोडून दोन मिनिटं बसायचं, घोटे वर-खाली वीस वेळा हलवायचे, मगच उभं राहायचं. पायात टाच बंद असलेली रबरी तळाची चप्पल किंवा बूट. घरातल्या सपाता ओल्या फरशीवर दगा देतात. कमरेचा पट्टा झोपतानाही सैल करून ठेवा, पुन्हा बांधायला लागू नये. वाट एकेरी आहे, तेव्हा सोबतचं माणूस मागे, पट्टा धरून. आईंनी बर्थच्या कडा धरत जायचं.

कधी जायचं हेही महत्त्वाचं. स्टेशनात शिरताना-निघताना गाडी रुळांचे सांधे बदलते तेव्हा डबा आडवा हलतो, त्या वेळी उभं राहू नये. गाडी थांबलेली असेल तर सगळ्यात चांगलं. पूर्वी स्टेशनात संडास वापरू नका असं लिहिलेलं असे, कारण सगळं रुळावर पडायचं. आता डब्यांना बायोटॉयलेट आहेत. सिग्नलला किंवा क्रॉसिंगला गाडी उभी राहिली की आईंना विचारून घ्या. कोकण रेल्वेवर असे थांबे पुष्कळ मिळतात, तेवढाच एकेरी मार्गाचा फायदा.

कमोड कोणत्या टोकाला आहे, दिवा लागतो का, बाजूची दांडी घट्ट आहे का, हे चढल्यावर लगेच बघून ठेवा. संडासाच्या दारातून वॉकर उघडा जात नाही. आतून कडी लावू देऊ नका, बाहेरून दार धरा. घरी वापरता ती कमोडवर ठेवायची उंच बैठक आणू नका, चालत्या गाडीत सुटी वस्तू सरकते. जास्तीचा उपाय म्हणून ओढून घालायचे डायपर आणि चादरीखाली ६० बाय ९० चा शोषक पॅड. अनेक आया 'मी पाणीच पीत नाही' म्हणतात. तसं करू देऊ नका, पाणी तोडल्याने पायांत गोळे येतात आणि उठताना घेरी. लघवीची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका.

---

पहाटेची_गाडी

सगळं बरोबर, पण रात्रीचाच हट्ट का? सीएसएमटीहून पहाटे वंदे भारत सुटते. दरवाजे आपोआप उघडतात, दाराशी पायरी बाहेर येते आणि टोकाच्या डब्यात व्हीलचेअरला जागा व रुंद संडास असतो. कुडाळला थांबत नाही, पण कणकवलीला उतरून तीसेक किलोमीटर गाडीने गेलं की झालं. रात्रीच्या उठाबशा वाचतात.

---

लूपलाइन

वंदे भारतचा डबा चांगला आहे यात वाद नाही. पण ती बसायची गाडी आहे. त्यांच्या डॉक्टरांनी पाय खाली सोडून बसणं टाळायला सांगितलंय, आणि इथे कणकवलीपर्यंत तेच करायचं. शिवाय पहाटे साडेपाचच्या आत सुटते, म्हणजे आईंना तीनला उठवून निघायचं. ज्याला बसायला त्रास नाही आणि फक्त चढण्याचा प्रश्न आहे त्याच्यासाठी ती गाडी उत्तम. पावसाळ्यात मात्र ती आठवड्यातून तीनच दिवस असते, तेही ध्यानात ठेवा.

दिव्यांगांच्या डब्याचा प्रश्न राहून गेला. गाडीच्या टोकाला गार्डच्या डब्याला जोडून तो असतो. दार रुंद, संडास मोठा, आत दांड्या. वय झालं किंवा गुडघे दुखतात म्हणून त्यात बसता येत नाही, रेल्वेच्या नमुन्यातलं प्रमाणपत्र किंवा ओळखपत्र लागतं. हेच प्रमाणपत्र असेल तर भाड्यात सवलत आहे. थर्ड एसी आणि स्लीपरला ७५ टक्के, फर्स्ट आणि सेकंड एसीला ५० टक्के, आणि तितकीच सोबतच्या एका माणसाला. स्लीपर आणि थर्ड एसीत अशा प्रवाशांसाठी चार बर्थ राखीव असतात, दोन लोअर, दोन मिडल. तत्काळमध्ये सवलत नाही.

इथे लोकांचा एक घोळ होतो. सरकारी दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के लिहिलेलं असलं की रेल्वेची सवलत आपोआप मिळते असं नाही. अस्थिव्यंगाच्या बाबतीत 'सोबतीशिवाय प्रवास करू शकत नाही' असं डॉक्टरने रेल्वेच्या नमुन्यात लिहून द्यावं लागतं. झिजलेल्या गुडघ्यांवर ते मिळेल की नाही हे सरकारी रुग्णालयातला अस्थितज्ज्ञ तपासून ठरवतो. पुढेही प्रवास व्हायचे असतील तर एकदा विचारून या. या खेपेसाठी त्याची वाट बघू नका.

---

ओसरगाव

कुडाळच्या उतरण्याचं मी सांगतो.

वीरच्या पुढे मार्ग एकेरी. समोरून येणारी गाडी कुठे काढायची त्यावर तुमची गाडी कोणत्या रुळावर घेतात ते ठरतं, म्हणजे फलाट ऐनवेळी बदलू शकतो. पलीकडच्या फलाटावर लागली तर पूल चढावा लागतो आणि तुमच्या आईंना तो झेपणारा नाही. म्हणून गावातल्या माणसाला गाडी यायच्या तासभर आधी स्टेशनवर पाठवा. त्याने स्टेशन मास्तरांना भेटून डबा आणि बर्थ नंबर सांगायचा, व्हीलचेअर मागायची आणि फलाट बदललाच तर काय, ते विचारून ठेवायचं. बऱ्याच स्टेशनांत फलाटाच्या टोकाला रुळांवरून सामानाच्या गाड्या न्यायची सपाट वाट असते. मास्तरांनी परवानगी देऊन माणूस सोबत दिला तरच तिथून खुर्ची न्यायची. आपल्या आपण रुळ ओलांडायला जाऊ नका, दुसरी गाडी कधी आत येईल याचा नेम नाही.

फलाटाची उंची आणि डबा नेमका कुठे लागतो हेही त्याच माणसाला आदल्या दिवशीच्या कोकणकन्येला बघून यायला सांगा. फोटो काढून पाठवला तर आणखी बरं. सखल फलाट रुळापासून ४५ सेंटिमीटरवर असतो, तिथे दारातून खाली पंच्याऐंशी सेंटिमीटर उरतात. एका स्टुलाने ते भागत नाही. अशा वेळी पाठमोरं उतरायचं, शिडीवरून उतरतात तसं. दोन्ही दांड्या धरून, तोंड डब्याकडे, दुखरा पाय खालच्या पायरीवर आधी. खाली उभ्या माणसाने पट्टा धरून पाय कुठे टेकतोय ते बोलत राहायचं, कारण त्यांना ते दिसत नाही.

वेळेचं गणित असं. कणकवली सुटली की उठवायचं, चूळ, चप्पल, औषध. संडास त्याच्या आधी उरकलेला हवा. सिंधुदुर्ग स्टेशन मागे पडलं की सामान दाराशी. कुडाळचा होम सिग्नल (स्टेशनात शिरायच्या आधीचा) यायच्या बेताला आईंना दाराजवळच्या कप्प्यात कुणाच्या तरी बर्थवर बसवा. उघड्या दाराशी उभं करू नका. टीसीला आणि जमलं तर गार्डला (आता ट्रेन मॅनेजर म्हणतात) आधीच सांगा की अमुक डब्यातून चालायला त्रास असलेला प्रवासी उतरणार आहे. सगळे उतरेपर्यंत थांबवायची ताकद त्याच्या झेंड्यात आहे. साखळी ओढायची वेळ येऊ नये. उतरणाऱ्यांत आई पहिल्या, सामान शेवटी. तुमच्यापैकी एकजण सामानासकट सावंतवाडीला गेला तरी चालेल, आई गेली तर नाही.

पुढे कधी पावसाळ्यात नेणार असाल तर त्या काळाचं वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या सावकाश धावतात, कुडाळला पोहोचायची वेळ बदलते. जुन्या तिकिटावरची वेळ बघून गजर लावू नका.

---

वर्तकनगरकर

हे सगळं छापून घेतोय. परतीला मग काय करावं? कुडाळला चढवणं म्हणजे ठाण्याचाच प्रश्न झाला.

---

ओसरगाव

ठाण्यापेक्षा वाईट, कारण कुडाळला फलाटाचाही भरवसा नाही. परतीला कोकणकन्या सोडा. तुतारी एक्सप्रेस संध्याकाळी सावंतवाडी रोडहूनच सुटते आणि दादरला जाते. कुडाळहून सावंतवाडी रोड वीस-बावीस किलोमीटर. स्टेशन गावात नाही, मळगावला आहे, हे रिक्षावाल्याला सांगताना लक्षात ठेवा. गाडी तिथूनच सुटत असल्याने रिकामी उभी मिळते, दार मोकळं असतं, स्टूल ठेवून सावकाश चढवता येतं. तिकीट सावंतवाडी रोडपासूनच काढा, कुडाळपासून नको.

---

लूपलाइन

+१. तुतारीने येताना ठाण्याला न उतरता दादरपर्यंत जा. ठाण्याला पुन्हा थोड्या मिनिटांचा थांबा आणि सकाळची गर्दी. दादरला ती संपते, उतरायला घाई नाही. दादरचे फलाट मात्र सीएसएमटीसारखे रस्त्याच्या पातळीला नाहीत. लिफ्ट कोणत्या फलाटाला आहे आणि चालू आहे का, हे गाडी दिवा स्टेशनच्या पुढे आली की १३९ वर किंवा हमालाकडून विचारून घ्या. स्टूल डब्यात विसरू नका.